इस्त्रीसाहेबांचं हसू

त्या हॉटेलच्या मॅनेजरला सगळे कर्मचारी पाठीमागे 'इस्त्री' म्हणत. शर्ट कडक घालायचा, हे एक कारण. चेहरा शर्टाहून कडक, हे खरं कारण. माणूस वाईट नव्हता. मागितलेली रजा द्यायचा, तापाने फणफणलेल्याला हाताला धरून घरी पाठवायचा, कुणावर कधी आवाज चढवायचा नाही. पण तो लिफ्टमधून बाहेर पडला की बटण दाबावं तसं कॉरिडॉरमधलं बोलणं बंद व्हायचं. त्याला वाटायचं, आपल्याकडे शिस्त फार छान आहे.

ही समजूत मालकीणबाईंनी मोडली.

मालकीणबाई म्हणजे खमकी म्हातारी. नवरा गेल्यावर हॉटेल तिनेच उभं केलं, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ती ते घरातल्या खुर्चीत बसून चालवायची. पाहुणे मोबाइलवर हॉटेलबद्दल काय काय लिहितात ते ती नातीकडून वाचून घ्यायची. एका सकाळी तिने मॅनेजरला घरी बोलावलं आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.

"वाचा. मोठ्याने."

त्याने घसा साफ केला. "'खोल्या स्वच्छ, जेवण उत्तम, कर्मचारी अतिशय नम्र. पण सगळे इतकं दबक्या आवाजात बोलतात आणि इतकं जपून चालतात, की ह्यांच्याकडे कुणीतरी गेलंय असं सारखं वाटत राहतं. निघताना मी रिसेप्शनवरच्या मुलीचं सांत्वन करून आले.'"

"कोण गेलंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही, बाईसाहेब."

"मग दुखवटा कशाला पाळताय? अहो, लोक सुट्टी घालवायला येतात आपल्याकडे. तुमची ती तोंडं बघून घरी परत जावंसं वाटतं त्यांना. मला माणसं हसती-खिदळती पाहिजेत. दात दिसले पाहिजेत दात!"

"कधीपर्यंत?" मॅनेजरने विचारलं.

मालकीणबाईंनी मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला. मग नातीला म्हणाल्या, "बघ गं, मी काय म्हणत होते तुला ह्यांच्याबद्दल."

मॅनेजरला विनोद कळत नव्हता असं नाही. चांगला कळायचा, आणि तिथेच सगळं घोडं अडायचं. त्याचं हसू हा त्याच्या आयुष्यातला मोठा लाजिरवाणा प्रकार होता. आधी काही क्षण आवाजच यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. मग गंजलेला हातपंप कुणीतरी जिवाच्या आकांताने हापसतंय असा आवाज सुरू व्हायचा, आणि शेवटी श्वास आत घेताना गाढवाचं शिंगरू आईला हाक मारतं तसलं काहीतरी निघायचं. शाळेत मास्तरांनी त्याला ह्या हसण्यापायी कितीदा वर्गाबाहेर काढलं होतं. साखरपुड्याला कुणीतरी काहीतरी बोललं, हा हसला, आणि बायकोच्या आजोबांनी "मुलाला फिट आली, कांदा आणा" म्हणून मांडव डोक्यावर घेतला. त्या दिवसापासून त्याने हसणं सोडलं. काही लोक सिगारेट सोडतात, तसं. ओठ आवळून, जीभ चावून, अगदीच वेळ आली तर पायाच्या अंगठ्यावर बुटाची टाच देऊन त्याने वर्षानुवर्षं स्वतःला कोरडं ठेवलं होतं. लोकांना तो चेहरा गंभीर वाटायचा. आत काय चाललंय ते फक्त बायकोला ठाऊक होतं.

तर आता ह्या माणसाला माणसं हसवायची होती.

तो घरी जाऊन विनोद पाठ करू लागला. जेवणाच्या टेबलावर बायको आणि सासूबाई ह्या दोघींवर प्रयोग व्हायचे. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, आणि जेवढं यायचं तेवढ्यावर त्यांचा विश्वास नसायचा.

"काय म्हणाले गं जावईबापू?"

"विनोद सांगितला, आई."

"कुणाचं झालं?"

"विनोद, विनोद!"

"कोण विनोद? तो तुझ्या मावसभावाचा मेहुणा? त्याला काय झालं?"

बायको हसत सुटायची. पण ते विनोदाला नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "अहो, तुम्ही विनोद सांगता तेव्हा पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट वाचल्यासारखं वाटतं. नका करू. लोकांना करू द्या, तुम्ही फक्त हसा."

"ते कसं शक्य आहे?" तो म्हणाला आणि भात कालवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला सगळा स्टाफ जेवणघरात रांगेत उभा राहिला. रोजच्या सूचना झाल्या. मग मॅनेजरने त्याच आवाजात सुरुवात केली:

"एका पाहुण्याने खोलीतून फोन केला, की माझ्या खोलीत उंदीर आहे. रिसेप्शनवरचा म्हणाला, 'त्यांना खाली पाठवून द्या, नाव नोंदवायचं राहिलंय.'"

जेवणघरात असा सन्नाटा पसरला की फ्रीजची घरघर ऐकू आली.

"कुठल्या मजल्यावर, साहेब?" लाँड्रीतल्या मावशींनी काळजीने विचारलं.

"साहेब, मी असं कुणालाही म्हटलेलं नाही," रिसेप्शनवरची मुलगी रडकुंडीला आली. "माझी ड्यूटी असताना असा फोनच आला नाही."

"माझ्या किचनमध्ये उंदीर नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो," शेफने हात वर केले.

"हा विनोद आहे," मॅनेजर म्हणाला.

"हो, साहेब," सगळे एकदम म्हणाले. दुपारपर्यंत प्रत्येक मजल्यावर पिंजरे लागले. संध्याकाळी एका पाहुणीने पलंगाखालचा पिंजरा पाहिला आणि सामान उचलून समोरच्या हॉटेलात गेली.

एवढ्यावर शहाण्या माणसाने नाद सोडला असता. मॅनेजरने तज्ज्ञ बोलावला. हास्यगुरू म्हणून त्या माणसाची ख्याती होती. पिवळाधमक टी-शर्ट, त्यावर मोठं हसरं तोंड. नाश्त्याच्या वेळीच त्याने सगळ्यांना जेवणघराच्या मधोमध गोलात उभं केलं. म्हणाला, पाहुण्यांनाही लागण होऊ द्या.

"पोटातून! हा, हा, हा! आता शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघून! हो, हो, हो!"

माळ्याने खोल्या आवरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत बघून 'हो हो हो' केलं. तिने त्याच्या कानाखाली आवाज काढायचा तेवढा बाकी ठेवला. शेफचं नुकतंच हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. "हसा, हसा, अजून पोटातून," म्हणत हास्यगुरूने त्याच्या पोटावर थाप मारली, आणि शेफ जो कळवळून खाली बसला त्याला खुर्चीत घालूनच डॉक्टरकडे न्यावं लागलं. कोपऱ्यात ऑम्लेट खाणाऱ्या एका लहान मुलीने भोकाड पसरलं. आणि ह्या सगळ्या गोंधळात, गोलाच्या मध्यभागी हात पसरून उभा असलेला हास्यगुरू अचानक ओक्साबोक्शी रडायला लागला.

त्याची बायको आदल्याच आठवड्यात त्याला सोडून गेली होती. जाताना म्हणाली होती, तुझं हसणं मला आता एक मिनिटही सहन होत नाही.

हुंदके देणाऱ्या पिवळ्या टी-शर्टचं काय करायचं ते मॅनेजरला कळेना. मावशींनी पुढे होऊन त्याचा दंड धरला. "चला हो, दादा, खाली चला. चहा घ्या." आणि त्याला घेऊन त्या तळघरातल्या लाँड्रीत गेल्या. त्यांच्यामागे ज्यांना ज्यांना सुटता आलं ते सगळे गेले.

मॅनेजर पाहुण्यांची माफी मागत फिरला. तिसऱ्या मजल्यावरची एक पाहुणी समजुतीला तयारच होईना. तिला समजावून तो कॉरिडॉरमध्ये आला आणि थबकला. भिंतीतून हसण्याचा आवाज येत होता.

त्या हॉटेलात प्रत्येक मजल्यावर भिंतीला एक पत्र्याचं झाकण होतं. ते उघडून मळक्या चादरी आत सोडल्या, की एका जाड पत्र्याच्या नळीतून त्या थेट लाँड्रीतल्या टोपलीत पडत. स्टाफ तिला घसरगुंडी म्हणत असे. मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं, झाकण वर केलं आणि डोकं आत घातलं.

खाली मजा चालली होती. हास्यगुरूचा आवाज आला, नाकात सर्दी आणि तरी खिदळणारा. "अजून एकदा, अजून एकदा तो उंदीर!"

मग घसा साफ केल्याचा आवाज. हुबेहूब मॅनेजरचा घसा. हॉटेलचा दरवान बोलत होता. दारात दिवसभर पुतळ्यासारखा उभा राहणारा, भरघोस मिशांचा माणूस, ज्याच्या तोंडून मॅनेजरने 'या साहेब' आणि 'जपून' ह्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

"सूचना क्रमांक एक," दरवान म्हणाला. "उद्यापासून सर्व उंदरांनी ओळखपत्र गळ्यात घालावं. सूचना दोन. विनोद झाल्यावर हसायचं की नाही ते लेखी कळवण्यात येईल. सूचना तीन. शेफ, तुमचे टाके तुटले असतील तर ते ऑफिसात जमा करा."

"इस्त्री गरम झाली रे," कुणीतरी ओरडलं.

इस्त्री! मॅनेजरला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. आधी कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत आपल्याला एक नाव होतं आणि ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं. आणि हेही कळलं, की खाली रोज असंच चालत असणार. माणसं हसत नाहीत असं नव्हतं. तो आला की थांबत होती. मालकीणबाईंच्या हॉटेलावर जो दुखवटा होता तो त्याच्या पायांनी मजल्यामजल्यावर फिरत होता. हे काही गमतीचं नव्हतं. पत्र्याच्या अंधारातून, मळक्या चादरींच्या वासातून तो डोकं मागे घेऊ लागला.

आणि तेवढ्यात खालून दरवान म्हणाला, "सूचना चार. मी आता हसून दाखवणार आहे. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी..." आणि एवढा मोठा पॉज घेतला, की तो पॉजच मॅनेजरच्या बरगड्यांत घुसला.

खांदे हलले. त्याने जीभ चावली. अंगठ्यावर टाच दिली. काही उपयोग झाला नाही. वर्षानुवर्षं साठलेलं सगळं एकदम वर आलं, आणि ते आलं तेव्हा त्याचं तोंड एका पोकळ पत्र्याच्या नळीत होतं, जी हॉटेलच्या प्रत्येक मजल्यावर उघडत होती.

खाली लाँड्रीत पळापळ झाली. "मशीन बंद करा! पट्टा तुटला!" मशीन बंद केलं, आवाज चालूच. दुसरं बंद केलं; शिंगरू ओरडलं. रिसेप्शनवर फोन खणखणू लागले. एका खोलीतून, पाण्याचा पंप फुटलाय का. दुसऱ्या खोलीतून, हॉटेलात जनावरं ठेवायला परवानगी आहे का, असेल तर आमचा कुत्रा आम्ही उगाच घरी ठेवून आलो.

मावशी आवाजाच्या मागावर एकेक मजला चढत तिसऱ्यावर पोचल्या. भिंतीतून कडक इस्त्रीची पॅन्ट बाहेर आली होती आणि गदगदा हलत होती.

"अगं बाई! साहेब! अडकलात का?"

त्यांनी त्याला कमरेला धरून बाहेर ओढलं. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा, कानाला कुणाचा तरी मोजा. त्याला बोलता येईना. तो मावशींच्या खांद्यावर हात ठेवून नुसता हापसत राहिला. मावशी आधी घाबरल्या, मग त्यांनी नीट पाहिलं, आणि मग त्याही भिंतीला टेकून बसल्या. हसून हसून त्यांच्या पोटात कळ आली.

लाँड्रीत मॅनेजर शिरला तेव्हा दरवानाची बोबडी वळली होती. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "साहेब, चूक झाली. बायको-पोरं आहेत."

"सूचना चार अर्धीच राहिली," मॅनेजर डोळे पुसत म्हणाला. "पूर्ण कर."

दरवानाने मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली. त्याने पूर्ण केली, भीतभीत आणि वाईट. पण मॅनेजरच्या तोंडून पुन्हा तो आवाज निघाला आणि त्यानंतर दरवानाच्या नकलेकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. हास्यगुरू तर म्हणाला, "साहेब, हे असलं मी आयुष्यात ऐकलं नाही. माझ्याबरोबर दौऱ्यावर चला."

त्या दिवशी घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. सांगतासांगता हसला. सासूबाई ताटावरून दचकून उठल्या आणि म्हणाल्या, "दार वाजतंय का?"

पुढचे काही आठवडे हॉटेलाला जरा जास्तच पालवी फुटली. मॅनेजरने एकही विनोद केला नाही. तो फक्त दुपारच्या चहाला लाँड्रीत जाऊन एका उपड्या टोपलीवर बसायचा. पहिले दोन दिवस लोक त्याच्याकडे चोरून बघत बोलत होते, मग विसरले. त्याच्या हसण्याचीच नक्कल करायची शर्यत लागली. माळी पंप चांगला करायचा, शिंगरू मात्र मावशींनाच जमायचं.

एकदाच गोष्ट बिघडली. शेफने भांडी घासणाऱ्या बाईच्या लंगडण्याची नक्कल करून दाखवली. दोघंतिघं हसले. ती बाईही हसल्यासारखं करून पदराने हात पुसत राहिली. मॅनेजर हसला नाही. त्याने बऱ्याच दिवसांनी आपला तो जुना चेहरा काढला, जसा माणूस कपाटातून कोट काढतो, आणि शेफकडे नुसतं बघत राहिला. शेफचा पाय सरळ झाला. "वरच्यांची करा," मॅनेजर शांतपणे म्हणाला. "माझी करा, पाहुण्यांची करा. आधीच ज्याला त्रास आहे त्याची नाही." संध्याकाळी शेफने त्या बाईला स्टूल आणून दिलं आणि बसून भांडी घासायला लावली. ती म्हणाली, "हे स्टूल डगमगतंय. ह्याचीच नक्कल करत होतात का?" आणि मग मात्र सगळेच हसले.

'पाहुण्यांची करा' हे वाक्य महागात पडलं.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश उतरले होते. घराची दुरुस्ती चालू होती म्हणून मुक्काम लांबला होता. रोज सकाळी ते काखेत उशी घेऊन रिसेप्शनवर येत आणि उभ्याउभ्या तिच्यावर निकाल देत. दरवान दारातून ऐकायचा. त्याचं त्याने सोनं केलं. लाँड्रीत टोपलीवर उशी ठेवायची, समोर उभं राहायचं, चष्मा नाकावर ओढायचा आणि म्हणायचं: "ह्या वस्तूला उशी म्हणावं असा एकही पुरावा माझ्यासमोर आलेला नाही. ही उशी आरोपी आहे. तिला दोन दिवस उन्हात कोठडी!"

ह्या खटल्यावर मॅनेजर रोज नव्याने हसून मरायचा. पण जी नळी वरचा आवाज खाली नेते ती खालचा आवाज वरही नेते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका दुपारी कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरचं झाकण उघडं ठेवलं आणि न्यायाधीश नेमके तिथून चालले होते.

त्यांनी आधी मालकीणबाईंना फोन केला. मग मॅनेजरला खोलीत बोलावलं. "त्या इसमालाही आणा," म्हणाले.

मॅनेजर आणि दरवान दोघं समोर उभे राहिले. न्यायाधीश ताठ बसले होते, मांडीवर उशी.

"साहेब, झालं ते फार चुकीचं झालं," मॅनेजरने मनापासून सुरुवात केली. "मी स्वतः तिथे होतो, जबाबदारी माझी आहे. ह्याला काढू नका असं मी बाईसाहेबांना सांगणार आहे, पण तुमची मी..."

"माफी बाजूला ठेवा," न्यायाधीश म्हणाले. "माझं म्हणणं ऐका. ह्या इसमाने माझ्या तोंडी 'आरोपी' हा शब्द घातला."

"हो, साहेब."

"मी उशीला कधीही आरोपी म्हटलेलं नाही. आरोप निश्चित होईपर्यंत मी कुणालाच आरोपी म्हणत नाही. उभ्या नोकरीत म्हटलं नाही." त्यांनी उशीवर हात ठेवला. "मी 'संशयित' म्हणालो होतो."

मॅनेजरने खिडकीबाहेर पाहिलं. जीभ चावली. खांदा हलला.

"शिवाय कोठडी मी सुनावलेली नाही. उन्हात ठेवा, एवढंच म्हणालो. ती सूचना होती, शिक्षा नव्हती. तुम्ही रडताय का?"

मॅनेजर रडत नव्हता. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पंप बोटांच्या फटीतून सुटला. दरवानाने डोळे गच्च मिटून घेतले. माफी मागायला गेलेला मॅनेजर पाहुण्याच्या पलंगाचा खांब धरून शिंगरासारखा ओरडत होता, आणि तोंडाने कसंबसं "माफ करा, माफ करा साहेब" म्हणत होता.

न्यायाधीशांनी वाट पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांना ह्यात हसण्यासारखं काही दिसतच नव्हतं. आवाज थांबल्यावर ते म्हणाले, "चुकीचं विधान ज्या लोकांसमोर झालं, त्याच लोकांसमोर ते दुरुस्त झालं पाहिजे. कुठे आहे ती जागा?"

अशा रीतीने निवृत्त न्यायाधीश लाँड्रीत आले. मावशींनी त्यांना धुतलेल्या टॉवेलांचा गठ्ठा बसायला दिला. सगळा स्टाफ भिंतीला चिकटून उभा राहिला. दरवानाने घामेजल्या हाताने उशी टोपलीवर ठेवली.

"ह्या वस्तूला उशी म्हणावं असा..."

"आवाज खाली. मी ओरडत नाही."

"ह्या वस्तूला उशी..."

"डावा हात. मी डावा हात वापरतो. आणि चष्मा इतका खाली नसतो, पडेल तो."

माळी कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून बसला. रिसेप्शनवरची मुलगी रुमाल चावत होती. मॅनेजर मशीनमागे उभा होता आणि मशीन बंद असूनही हादरत होतं.

तेवढ्यात सामानाच्या लिफ्टचं दार उघडलं आणि काठी टेकत मालकीणबाई बाहेर आल्या. न्यायाधीशांचा फोन ऐकून त्या तडक निघाल्या होत्या. हॉटेलात पाऊल टाकून त्यांना बरीच वर्षं झाली होती.

लाँड्री एका क्षणात थंड पडली. माळी ढिगातून वर आला. मॅनेजरने मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या आणि सगळी माणसं त्यांच्यापुढे खाली मान घालून उभी होती. त्यांचा चेहरा किंचित पडला. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. मॅनेजरला दिसलं, कारण तशाच शांततेत तो स्वतः इतकी वर्षं लिफ्टमधून बाहेर पडत आला होता. त्याला त्या बाईची दया आली, आणि पुढे काय करावं ते सुचेना.

सुचलं न्यायाधीशांना. "साक्षीदार वाढले," ते म्हणाले. "बाईंनाही अचूक कळलं पाहिजे. पुन्हा सुरुवातीपासून घ्या."

दरवानाने डोळे मिटून सुरुवातीपासून घेतलं. डावा हात, खालचा आवाज, चष्मा जागेवर. "ही उशी," तो म्हणाला, आणि धाप लागल्यासारखा थांबला, "संशयित आहे."

"बरोबर," न्यायाधीश समाधानाने म्हणाले.

त्या 'बरोबर'ने मशीनमागचा बांध फुटला.

"हे काय?" मालकीणबाई दचकल्या. "पाइप गेला का?"

"नाही बाईसाहेब," मावशी म्हणाल्या. "साहेब हसतायत."

मग कुणालाच आवरलं नाही. शेफ टाके धरून बसला, माळी पुन्हा ढिगात गेला. "शांतता, शांतता," न्यायाधीश टॉवेलांच्या गठ्ठ्यावर थाप मारत म्हणाले, आणि त्याने तर उरलासुरला ताबाही गेला. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या एका उपड्या टोपलीवर बसल्या, काठीवर हनुवटी टेकवली आणि एकेका तोंडाकडे बघत राहिल्या, दात मोजत असल्यासारख्या.

वर जाताना लिफ्टमध्ये त्या आणि मॅनेजर दोघंच होते. त्याने अजून डोळे पुसणं संपवलं नव्हतं.

"त्या दरवानाला काढा, हे सांगायला आले होते मी," मालकीणबाई म्हणाल्या.

"नक्कल त्याने केली, पण हसलो मी, बाईसाहेब. काढायचं तर..."

"पुरे. न्यायाधीश म्हणाले, उद्या त्याला पुन्हा तपासणार आहेत. उच्चार अजून कच्चे आहेत म्हणे. त्याला काढून कसं चालेल?" त्यांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "माझीही करता का रे खाली?"

मॅनेजरने लिफ्टच्या दाराकडे पाहिलं.

"खरं सांगा."

"दरवान करतो."

"बरी करतो?"

"गुडघे फार छान करतो, बाईसाहेब."

मालकीणबाईंच्या नाकातून आधी फुसकन आवाज आला. मग त्यांनी काठी लिफ्टच्या भिंतीवर आपटली. "मेला! मी येत होते तेव्हा रोज दार उघडायचा आणि डोळा गुडघ्यांवर!" आणि त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणं अगदी लहान आणि चोरटं होतं, शाळकरी मुलीसारखं. खांदे वर, तोंडावर हात. मॅनेजरने सौजन्य म्हणून साथ दिली, आणि बंद लिफ्टमध्ये तो आवाज ऐकून त्यांनी एका हाताने कान झाकला.

दार उघडलं तेव्हा बाहेर बस येऊन लागली होती. प्रवासाने आंबलेली माणसं, चिडलेली पोरं, सगळीकडे बॅगा. रिसेप्शनवरची मुलगी अजून खाली लाँड्रीतच होती. मॅनेजर घाईने पुढे झाला, पण मालकीणबाई त्याच्या आधी काउंटरमागे पोचल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि किल्ल्यांचा ड्रॉवर उघडला.

"पंखा ह्यांच्याकडे करा," त्या मॅनेजरला म्हणाल्या. मग समोरच्या घामाघूम माणसाकडे बघून: "या. तिसरा मजला चालेल? शेजारी न्यायाधीश आहेत, सकाळी उशीसकट लवकर उठतात."

तो माणूस दमलेला होता. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि बॅग खाली ठेवून विचारलं, "उशीसकट म्हणजे?"

"बसा," मालकीणबाई म्हणाल्या. "पाणी घ्या आधी. सांगते."